पॅरिसच्या डिस्नेलँडचा पंचवीस वर्षांचा हिशेब : गर्दी असूनही तोटा का झाला?

हिशेबनीस

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवर, मार्न-ला-व्हाले येथे १२ एप्रिल १९९२ रोजी ‘युरो डिस्ने’ सुरू झाले, तेव्हा पहिल्या वर्षी १ कोटी १० लाख लोक येतील असा कंपनीचा अंदाज होता आणि तो जवळजवळ खरा ठरला. असे असूनही सप्टेंबर १९९३ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीने ५३० कोटी फ्रँकचा तोटा जाहीर केला. त्यातले ३६० कोटी हे उद्घाटनपूर्व खर्च एकदम खाती टाकल्यामुळे आलेले होते हे मान्य केले, तरी उरलेले १७० कोटी हा खराखुरा तोटा होता. वर्षाला कोटीभर माणसे तिकीट काढून आत येतात आणि तरीही कंपनी बंद करण्याची भाषा सुरू होते, हे कसे घडले, याविषयी गेले काही महिने जे वाचले त्याची संगती लावण्यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात भांडवलापासून करावी लागेल. एकूण प्रकल्प सुमारे २२०० कोटी फ्रँकचा होता. डिस्नेने त्यातील ४९ टक्के मालकी स्वतःकडे ठेवली आणि उरलेली ५१ टक्के १९८९ मध्ये युरोपातील सामान्य गुंतवणूकदारांना शेअरमागे ७२ फ्रँक भावाने विकली. डिस्नेने स्वतःच्या शेअरसाठी मोजलेला भाव होता १० फ्रँक. प्रकल्पाचा फार मोठा भाग कर्जावर उभा होता आणि हे कर्ज साठांहून अधिक बँकांचे होते.

कंपनीची कायदेशीर रचना त्याहून लक्षवेधी आहे. फ्रेंच कायद्यात भागीदारी आणि शेअर कंपनी यांच्या मधला एक प्रकार आहे, ज्यात भागधारक पैसा पुरवतात, परंतु कारभार एका ठरलेल्या व्यवस्थापकाकडे असतो आणि बहुमत हाती असूनही भागधारकांना त्या व्यवस्थापकाला सहजासहजी हटवता येत नाही. येथे तो व्यवस्थापक म्हणजे डिस्नेच्याच पूर्ण मालकीची एक उपकंपनी होती. या व्यवस्थेखाली डिस्नेला प्रवेशतिकिटांच्या उत्पन्नावर १० टक्के, खाद्यपदार्थ, वस्तूविक्री आणि निवास यांच्या उत्पन्नावर ५ टक्के रॉयल्टी आणि शिवाय व्यवस्थापन शुल्क मिळायचे होते. ही आकारणी नफ्यावर नव्हे, एकूण उत्पन्नावर होती, हा मुद्दा विसरून चालणार नाही. बटईने दिलेल्या शेतात मालकाने बियाणे-खताचा वाटा न उचलता निम्मी रास घेऊन जावी, तसाच हा व्यवहार होता.

आता हॉटेले. पहिल्याच दिवशी सहा हॉटेले आणि सुमारे ५२०० खोल्या तयार होत्या. एवढ्या खोल्या बांधण्यामागे डिस्नेच्या दोन जुन्या खंती होत्या. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइममध्ये १९५५ साली उद्यान उघडले तेव्हा आजूबाजूची जमीन घेण्यास पैसा नव्हता, त्यामुळे पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा भोवतालच्या मोटेलवाल्यांनी कमावला. शेजारचे, डिस्नेचेच नाव लावणारे हॉटेलसुद्धा १९८८ पर्यंत दुसऱ्याच्या मालकीचे होते. पुढे १९८३ मध्ये टोकियोत उद्यान झाले, ते तर पूर्णपणे जपानी कंपनीच्या मालकीचे, आणि डिस्नेला फक्त रॉयल्टी. १९८४ मध्ये मायकेल आइस्नर प्रमुख झाले, तेव्हा ‘या वेळी काहीही हातचे जाऊ द्यायचे नाही’ असे धोरण ठरले आणि पॅरिसजवळ १९०० हेक्टरहून अधिक जमीन या प्रकल्पासाठी राखून घेण्यात आली. हॉटेले बांधायची, ती चांगल्या भावाने विकायची, भोवतालच्या जमिनीवर कार्यालये आणि घरे उभी करून विकायची, आणि त्या पैशातून कर्ज उतरवायचे, असा बेत होता. म्हणजे पाळणे आणि मिरवणुका दिसत असल्या, तरी कर्जफेडीचा मोठा आधार जमीनजुमल्याचा धंदा हाच होता.

नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी फ्रान्समधील स्थावर मालमत्तेचा बाजार कोसळला. जर्मनीच्या एकीकरणानंतर तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढे ठेवले आणि त्यामुळे फ्रान्समध्येही कर्ज महाग झाले. हॉटेले विकली गेली नाहीत, त्यातल्या खोल्या १९९३ च्या वर्षात निम्म्याहून थोड्याच अधिक भरल्या, आणि पहिल्याच हिवाळ्यात ‘न्यूपोर्ट बे क्लब’ हे मोठे हॉटेल तात्पुरते बंद ठेवावे लागले. ऑक्टोबर १९९३ मध्ये ९५० पदे कमी करण्यात आली.

माझे मत असे झाले आहे की असे उद्यान यशस्वी झाले की नाही, हे फाटकावर मोजलेल्या डोक्यांवरून ठरवणे ही फसगत आहे. पैसा कोणत्या अटीवर आला आणि उत्पन्नातून पहिला वाटा कोण उचलतो, हे आधी पाहिले पाहिजे. जाणकारांनी भर घालावी.

घाटमाथा

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु एक शंका आहे. या प्रकरणाचा उल्लेख व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात होतो तेव्हा संस्कृतीतील फरक हेच मुख्य कारण म्हणून शिकवले जाते. फ्रान्ससारख्या देशात जेवणाबरोबर वाइन न देणे, कर्मचाऱ्यांच्या दाढीमिशांवर नियम लावणे, युरोपीय माणूस न्याहारी करत नाही असे समजून लहान उपाहारगृहे बांधणे, या सगळ्या चुका प्रसिद्ध आहेत. आपण यातल्या एकाचाही उल्लेख केला नाही, हे जाणीवपूर्वक आहे का?

हिशेबनीस

होय, जाणीवपूर्वकच आहे. त्या गोष्टी घडल्या यात शंका नाही. न्याहारीचे उदाहरण तर खरोखर बोलके आहे : ३५० आसनांच्या उपाहारगृहात सकाळी २५०० न्याहाऱ्या पुरवण्याची वेळ येत असे. त्याचप्रमाणे सोमवारी गर्दी कमी आणि शुक्रवारी जास्त राहील असे धरून कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, प्रत्यक्षात घडले उलटे. वाइनवरील बंदी मात्र जून १९९३ मध्येच उठली. म्हणजे वर्षभरात दुरुस्त होणारी चूक वर्षभरात दुरुस्त झाली. बंदी उठल्यानंतरचेच आर्थिक वर्ष पाहा, १९९४ मध्ये पाहुण्यांची संख्या ८८ लाखांपर्यंत खाली आली होती. न्याहारीची टेबले वाढवता येतात, कामाच्या पाळ्या बदलता येतात, परंतु सुमारे २००० कोटी फ्रँकच्या कर्जावरील व्याज ही चूक उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाला दुरुस्त करता येत नाही. वर्गात संस्कृतीच्या गोष्टी रंगतात, व्याजाचे कोष्टक कोणाला रंगवता येत नाही, एवढाच काय तो फरक असावा.

मेघना_मार्न

मी गेली अनेक वर्षे पॅरिसच्या पूर्व उपनगरात राहते, म्हणून एक स्थानिक निरीक्षण जोडते.

फ्रेंच सरकारने या प्रकल्पासाठी जे करार केले (मुख्य करार मार्च १९८७ मध्ये पंतप्रधान जाक शिराक यांच्या काळात झाला), त्यात ‘आरईआर ए’ ही उपनगरी रेल्वे उद्यानापर्यंत वाढवण्याचे आश्वासन होते आणि ते वेळेवर पाळले गेले. मार्न-ला-व्हाले–शेसी हे या शाखेचे शेवटचे स्थानक आहे. गाडीतून उतरून जिना चढून बाहेर आले की समोरच उद्यानाचा सुरक्षा-तपासणीचा मांडव दिसतो, मुलांना चालवत न्यावे लागते ते मोजून काही मिनिटे. मध्य पॅरिसमधून येथे पोहोचण्यास पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो. सकाळी घरून निघावे, दिवसभर फिरावे, रात्रीची रोषणाई पाहावी आणि शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडून घरी येऊन झोपावे, असा आमच्यासारख्यांचा कार्यक्रम असतो. पाहुणे भारतातून आले तरी ते पॅरिसमध्येच उतरतात, कारण त्यांना आयफेल मनोराही पाहायचा असतो आणि पॅरिसमध्ये स्वस्त हॉटेलांची वाण नाही.

म्हणून मला असे वाटते की ज्या रेल्वेने उद्यान भरले त्याच रेल्वेने हॉटेले रिकामी ठेवली. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी उद्याने आहेत, विमानाने आलेले कुटुंब तेथेच तीन-चार दिवस राहते. येथे १९९२ मध्ये एकच उद्यान होते आणि ते एका दिवसात पाहून संपत होते. एका दिवसाच्या उद्यानाला पाच हजारांवर खोल्या जोडताना हा साधा हिशेब कोणी केला नसेल, असे वाटत नाही. मालमत्ता विकायचीच आहे असे गृहीत धरल्यावर खोल्या कोण भरणार याची चिंता पुढच्या मालकावर सोडलेली असणार.

आणखी एक गोष्ट हिवाळ्याची. जानेवारीतला पाऊस, चार-पाच अंश तापमान आणि पाच वाजताच पडणारा अंधार यांत लहान मुलांना घेऊन उघड्यावर फिरणे कठीण असते. छपरे, बंदिस्त गल्ल्या आणि शेकोट्यांची सोय डिस्नेने विचारपूर्वक केलेली आहे, परंतु शाळा सुरू असताना मुलांची रजा काढून फिरायला नेण्याची पद्धत येथे नाही. त्यामुळे गर्दी सुट्ट्यांच्या ठरावीक आठवड्यांत साचते आणि मधले दिवस ओस पडतात.

जुनी_सहल

मधल्या ओस दिवसांवरून आमच्या शाळेच्या सहलींची आठवण झाली. मी शिक्षिका असून सहलीच्या पैशांचा हिशेब अनेक वर्षे माझ्याकडे असे. मुंबई-पुणे पट्ट्यातील कोणत्याही उद्यानाशी बोलणी करताना पहिला प्रश्न ‘वार कोणता?’ हाच असतो. मंगळवार किंवा बुधवार सांगितला की दर एकदम खाली येतो, वीस मुलांमागे एक शिक्षक विनामूल्य, बसचालकाचे जेवण फुकट, असे एकेक पदरात पडू लागते. शनिवार म्हटले की बोलणेच खुंटते. दुसरा प्रश्न जेवणाचा. आम्हाला डबे न्यायचे असतात आणि त्यांना आम्ही त्यांच्या उपाहारगृहातले ताट घ्यावे असे वाटत असते. एका ठिकाणी तर फाटकावर मुलांच्या पिशव्यांतून चिवडा आणि लाडूंचे डबे काढून एका टेबलावर चिठ्ठ्या लावून ठेवले होते, परत निघताना चिठ्ठ्या जुळवता जुळवता बस तासभर थांबली. त्यांचा खरा कमावण्याचा भाग प्रवेशतिकीट नसून आतला खर्च आहे, हे तेव्हा उमगले.

टोकियोनिवासी

मूळ लेखात टोकियोचा ओझरता उल्लेख आला आहे, त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या चर्चेतील उलट बाजूचा सर्वांत स्पष्ट दाखला तोच आहे.

टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ रोजी चिबा प्रांतातील उरायासू येथे, समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर सुरू झाले. मालक ओरिएंटल लँड ही कंपनी. ती १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिच्यामागे केइसेइ ही रेल्वे कंपनी व मित्सुई फुदोसान ही मालमत्ता कंपनी होती. डिस्नेची यात एक येनचीही मालकी नाही. आराखडा, नाव आणि पात्रे डिस्नेची, पैसा व जोखीम जपान्यांची, आणि तिकिटांवर १० टक्के व खाण्यापिण्यावर-वस्तूंवर ५ टक्के अशी रॉयल्टी दिली जाते, असे सर्वत्र प्रसिद्ध आहे. हे दर तर पॅरिससारखेच झाले. तरीही येथे पहिल्या वर्षीच सुमारे १ कोटी लोक आले आणि कंपनी स्थिरावली.

फरक कोठे पडला? दुसरे उद्यान, म्हणजे डिस्नेसी, सप्टेंबर २००१ मध्ये, पहिले सुरू झाल्यावर तब्बल १८ वर्षांनी उघडले. स्वतःची मोठी हॉटेलेही त्याच सुमारास, मागणी डोळ्यांना दिसू लागल्यावर आली. टोकियो परिसराची साडेतीन कोटींच्या आसपासची लोकसंख्या दाराशी आहे आणि पुन्हा पुन्हा येणारा ग्राहक हा धंद्याचा कणा आहे, हे ओळखून कंपनीने टप्प्याटप्प्याने बांधकाम केले. जमिनीच्या भावावर नजर ठेवून एकदम सहा हॉटेले उभी केली नाहीत.

अलीकडचे आकडे तर हिशेबनीस यांच्या मुद्द्याला थेट बळ देणारे आहेत. मार्च २०१९ मध्ये संपलेल्या वर्षात दोन्ही उद्यानांत मिळून सुमारे ३ कोटी २५ लाख लोक आले आणि तो उच्चांक होता. तेव्हा प्रत्येक पाहुण्यामागे सरासरी उत्पन्न ११,८१५ येन होते. मार्च २०२४ मध्ये संपलेल्या वर्षात पाहुणे सुमारे २ कोटी ७५ लाखच होते, म्हणजे ५० लाखांनी कमी, परंतु प्रत्येकामागील उत्पन्न १६,६४४ येन झाले. कामकाजाचा नफा २०१९ च्या त्या वर्षात सुमारे १२,९३० कोटी येन होता, तो २०२४ च्या वर्षात सुमारे १६,५४० कोटी येनवर गेला. महामारीच्या काळात घातलेली पाहुण्यांची मर्यादा नंतर पूर्वीइतकी सैल केलीच नाही. मार्च २०२१ पासून दिवसागणिक बदलणारे तिकीटदर आले आणि रांग टाळण्यासाठी वेगळे पैसे घेण्याची सोय आली. माणसे कमी, रांगा थोड्या आटोक्यात, नफा अधिक.

पाहुणा म्हणून मला हे फारसे रुचत नाही, कारण पूर्वी विनामूल्य मिळणारा रांगेचा पास आता अनेक पाळण्यांसाठी विकत घ्यावा लागतो आणि चार जणांच्या कुटुंबाला तो भार जाणवतो. भागधारक म्हणून तक्रार करण्यास जागा नाही.

रोखेबाजार

टोकियोनिवासी यांचे आकडे महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांवरून कर्ज काढणेच चूक असा निष्कर्ष काढू नये. या धंद्याचा खर्च पाहिला तर तो जवळजवळ सगळा आधीच ठरलेला असतो. दिवसाला १० हजार लोक येवोत की ४० हजार, प्रत्येक पाळण्यावर चालक लागतो, सकाळी फाटक उघडण्यापूर्वी तंत्रज्ञांना प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक ब्रेक तपासावाच लागतो, रंगकाम आणि विमा चुकत नाही. त्यामुळे ठरलेला खर्च निघाल्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा पैसा बहुतांशी नफ्यात पडतो, आणि त्या रेषेच्या खाली राहिले की त्याच वेगाने तोटा वाढतो. असा धंदा लहान प्रमाणावर सुरू करून वाढवणे जमतेच असे नाही, कारण अर्धवट उद्यान पाहण्यास दुसऱ्यांदा कोणी येत नाही.

तरीही आपल्याकडे वंडरला या कंपनीचे उदाहरण आहे. २००० मध्ये कोची, २००५ मध्ये बेंगळुरू, २०१६ मध्ये हैदराबाद, २०२४ मध्ये भुवनेश्वर अशी तिची चाल आहे. एक उद्यान स्थिरावल्यावर दुसरे, तिसऱ्यासाठी २०१४ च्या शेअर विक्रीतून आलेले भांडवल, कर्ज नगण्य, आणि बरेचसे पाळणे बाहेरून आयात न करता स्वतःच्या कारखान्यात बनवलेले. बेंगळुरूच्या उद्यानाला जोडलेले निवासस्थान शंभर खोल्यांचेही नाही. पाहुण्यांनी रात्री राहावे म्हणून उद्यान बांधलेले नसून, जे राहू इच्छितात त्यांच्यापुरत्या खोल्या बांधलेल्या आहेत.

खोपोलीकर

वंडरलाचा विषय निघाला आणि खोपोलीचा निघाला नाही, याचे आश्चर्य वाटते. आमच्या डोळ्यांसमोर घडलेली इमॅजिकाची गोष्ट पॅरिसच्या गोष्टीशी इतकी जुळते की मूळ लेख वाचताना मी ठिकाणांची नावे मनातल्या मनात बदलून वाचत होतो.

चित्रपट-प्रक्रिया आणि चित्रपटगृहांच्या व्यवसायातून आलेल्या मनमोहन शेट्टी यांच्या अ‍ॅडलॅब्सने २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर हे उद्यान सुरू केले. पाठोपाठ जलउद्यान आणि २०१५ मध्ये नोव्होटेलच्या नावाने चालणारे हॉटेल आले, ज्याची पुढे २८७ खोल्यांपर्यंत वाढ झाली. एकूण खर्च दीड हजार कोटी रुपयांच्या वर गेला आणि त्याचा मोठा भाग बँकांच्या कर्जातून आला. मार्च २०१५ मध्ये शेअर विक्रीस काढले तेव्हा प्रतिसाद इतका थंड होता की भावपट्टा खाली आणून मुदत वाढवावी लागली, आणि शेवटी १८० रुपये भाव ठरला. मिळालेल्या पैशातून मुख्यतः कर्ज कमी करायचे होते. शिल्लक जमीन विकून किंवा विकसित करून आणखी कर्ज उतरवण्याचा बेतही होता, तो ठरल्या वेळी साधला नाही. म्हणजे पॅरिसचाच पाठ.

उद्यान वाईट होते असे कोणीही म्हणणार नाही. पाळण्यांचा दर्जा, स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक याबाबत तोपर्यंत आपल्या राज्यात असे काही नव्हते. मुंबईकरांच्या एका पिढीने १९८९ पासून गोराईच्या एस्सेल वर्ल्डवर प्रेम केले, परंतु तो वेगळ्या जातीचा धंदा होता, आणि तेही फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झाले. इमॅजिकात वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक येत असूनही व्याज आणि घसारा मिळून सगळी कमाई खाऊन टाकत. त्यात जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के दर लागला, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्के झाला. आमच्याकडे घाटाच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो, त्यात उघड्यावरचे उंच पाळणे वारंवार थांबवावे लागतात, हे वेगळेच. मार्च २०२० मध्ये महामारीने फाटकच बंद केले आणि व्याज मात्र चालू राहिले.

शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने सुमारे ४१५ कोटी रुपये घालून कंपनीचा ताबा घेतला. बँकांना आपल्या येण्यावर मोठे पाणी सोडावे लागले. कर्जमाफीमुळे त्यानंतर ताळेबंदात जो मोठा नफा दिसला, तो एकदाच होणारा नफा होता. त्यावरून उद्यान अचानक फायद्यात आले असे समजू नये. मात्र व्याजाचा बोजा उतरल्यावर तेच पाळणे, तोच रस्ता आणि तोच पाऊस असूनही कंपनी श्वास घेऊ लागली, हे खरे आहे. मालपाणी समूहाकडे शिर्डी आणि लोणावळ्याची उद्याने आधीपासून होती, म्हणजे हा धंदा स्वतः चालवून पाहिलेला मालक आला. हॉटेल चालवणारा निराळा, उद्यान चालवणारा निराळा आणि पैसा देणारा तिसराच, या रचनेपेक्षा ते बरे.

घाटमाथा

खोपोलीकर यांच्या माहितीने माझी शंका बरीचशी मिटली, कारण खोपोलीत संस्कृतीचा काहीच प्रश्न नव्हता. आता उत्सुकता अशी की पॅरिसमधल्या बँकांनी नेमके काय केले? त्यांनीही पाणीच सोडले का, आणि ७२ फ्रँक मोजणाऱ्या सामान्य माणसाचे पुढे काय झाले?

हिशेबनीस

घाटमाथा, आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल.

मार्च १९९४ मध्ये तडजोड झाली, आणि तीही उद्यान बंद करण्याची धमकी उघडपणे दिल्यानंतर. बँकांनी १८ महिन्यांचे व्याज सोडले आणि मुद्दलाची फेड तीन वर्षांनी पुढे ढकलली. डिस्नेने रॉयल्टी आणि व्यवस्थापन शुल्क पाच वर्षे न घेण्याचे मान्य केले. ६०० कोटी फ्रँकचे नवे शेअर काढण्यात आले. सौदी राजपुत्र अलवलीद बिन तलाल यांनी मोठी गुंतवणूक केली आणि डिस्नेचा हिस्सा ४९ वरून ३९ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी उद्यानाचे नाव बदलून ‘डिस्नेलँड पॅरिस’ करण्यात आले.

कारभाराच्या पातळीवर सर्वांत मोठा निर्णय १९९५ च्या एप्रिलमध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फिलिप बूर्गीन्याँ यांच्या नेतृत्वाखाली झाला. प्रौढांचे तिकीट २५० फ्रँकवरून १९५ वर आणले गेले. जूनमध्ये ‘स्पेस माउंटन’ हा बंदिस्त, अंधारातला रोलर-कोस्टर सुरू झाला. त्या वर्षी पाहुणे पुन्हा १ कोटी ७ लाखांपर्यंत गेले आणि कंपनीने ११.४ कोटी फ्रँकचा पहिला वार्षिक नफा दाखवला. हा नफा व्याज आणि रॉयल्टी दोन्ही थांबलेले असताना झालेला आहे, हे लक्षात घ्यावे. ती देणी पूर्ववत भरावी लागली असती, तर तो नफा राहिला नसता.

१९९९ पासून रॉयल्टी निम्म्या दराने पुन्हा सुरू झाली. मार्च २००२ मध्ये दुसरे उद्यान उघडले, तेव्हा मेघना यांनी सांगितलेली एका दिवसाची अडचण सुटेल अशी अपेक्षा होती. परंतु ते इतक्या हात राखून बांधले होते की लोक अर्ध्या दिवसात बाहेर पडत. ज्या कंपनीने १९९२ मध्ये गरजेपेक्षा जास्त बांधले, तिनेच २००२ मध्ये गरजेपेक्षा कमी बांधले. माझ्या मते सगळ्या इतिहासात हाच निर्णय सर्वांत कमी समर्थनीय आहे, कारण या वेळी पाठीशी दहा वर्षांचा अनुभव होता. २००४-०५ मध्ये कर्जाची पुन्हा फेरबांधणी करावी लागली. २०१२ मध्ये डिस्नेने स्वतः १३० कोटी युरो देऊन बाहेरच्या बँकांचे कर्ज आपल्याकडे घेतले. २०१४ मध्ये आणखी १०० कोटी युरोची पुनर्भांडवल योजना आली, तिचा काही भाग रोख आणि काही भाग कर्जाचे शेअरमध्ये रूपांतर असा होता.

आता सामान्य भागधारक. डिसेंबर २००७ मध्ये जुन्या १०० शेअरचा एक नवा शेअर करण्यात आला. जून २०१७ मध्ये डिस्नेने उरलेले शेअर प्रत्येकी २ युरो दराने विकत घेतले आणि कंपनी बाजारातून बाहेर काढली. ७२ फ्रँक म्हणजे जवळपास ११ युरो. १९८९ मध्ये ज्याने १०० शेअर घेऊन ठेवले आणि नंतरच्या कोणत्याही विक्रीत भाग घेतला नाही, त्याने सुमारे ११०० युरो घातले आणि २८ वर्षांनी त्याच्या हाती २ युरो आले. दरम्यान उद्घाटनाच्या सुमारास तोच शेअर १६० फ्रँकच्या वर गेला होता, तेव्हा विकून मोकळे झालेले लोकही असतील.

रोखेबाजार

म्हणजे बँकांना व्याज सोडूनही मुद्दल बरेचसे परत मिळाले, डिस्नेला रॉयल्टी सोडूनही शेवटी संपूर्ण मालमत्ता मिळाली, आणि भागधारकाच्या हाती जे उरले ते आपण लिहिलेच आहे. मात्र डिस्नेनेही या काळात वारंवार पैसा ओतला, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. २०१४ नंतरची रक्कम ही बाहेरच्या कोणत्याही गुंतवणूकदाराने घातली नसती.

मेघना_मार्न

२०१७ नंतरचा बदल येथे राहणाऱ्यांना डोळ्यांनी दिसतो. मालकी एकहाती झाल्यावर २०१८ मध्ये २०० कोटी युरोच्या विस्ताराची घोषणा झाली, तीही प्रामुख्याने त्याच दुबळ्या दुसऱ्या उद्यानासाठी. त्याआधी अनेक वर्षे रंग उडालेले दर्शनी भाग आणि दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद राहिलेली आकर्षणे पाहण्याची आम्हाला सवय झाली होती, कारण कर्जाचे हप्ते भरल्यावर देखभालीला पैसा उरत नसे. आता रॉयल्टी घेणारा आणि देणारा एकच असल्यामुळे ती डिस्नेच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते, आणि नव्या बांधकामाचा अंदाज चुकला तर त्याची झळ लागणारा ७२ फ्रँकवाला भागधारकही राहिलेला नाही. तिकिटांचे दर मात्र टोकियोप्रमाणेच येथेही दिवसागणिक बदलतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतला शनिवार आणि नोव्हेंबरातला मंगळवार यांच्या दरात बराच फरक असतो, त्यामुळे भारतातून येणाऱ्यांनी शक्य असल्यास शाळेच्या सुट्ट्या टाळून मधला वार धरावा आणि मुक्काम पॅरिसमध्येच करावा.